भाऊ रोज जेवायला येतो

बेल दाबली की तीन पावलं मागं सरायचं, हे त्याला कुणा माणसानं शिकवलं नव्हतं. कुत्र्यांनी शिकवलं. बाविसाव्या वर्षी वीज कंपनीत मीटर वाचायला लागला, तेव्हा पहिल्याच महिन्यात दोनदा चावून घेतल्यावर त्याच्या ध्यानात आलं की दाराला चिकटून उभा राहिलेला माणूस आतल्याला माणूस वाटतच नाही. भोकातून बघणाऱ्याला एक भलंमोठं नाक दिसतं, आणि नाकाला कोण दार उघडणार? तीन पावलं मागं गेलं की माणूस अख्खा दिसतो, बुटांसकट. अख्ख्या माणसाला लोक उघडतात.

त्या काळी मीटर घराच्या आत, दाराच्या मागे असायचे. आता सगळे जिन्याखाली आणून एका पेटीत कोंबलेत, त्यामुळे मीटरवाल्याला कुणाचं तोंड बघावं लागत नाही आणि लोकांना त्याचं. पण त्यानं नऊ वर्षं लोकांची तोंडं बघितली. दोन खेपांचे आकडे शेजारीशेजारी ठेवले की त्या घरात किती माणसं आहेत, कोण आलं, कोण गेलं, हे त्याला शेजाऱ्यांच्या आधी कळे. आकडा निम्म्यावर आलेला दिसला की तो काही विचारत नसे. आकडा लिहायचा, "बरंय, येतो" म्हणायचं आणि पुढची बेल. चौकशी करणं त्याच्या कामात बसत नव्हतं. पुढे त्याला ज्या कामाचे पैसे मिळाले ते नेमकं हेच होतं, पण नशिबाला विनोदबुद्धी असते, फक्त ती जरा उशिरा कळते.

तर एका दुपारी, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या यादीतल्या दारासमोर आठ माणसं बसलेली त्याला दिसली. दिवे, कॅमेरा, वायरी, आणि मध्ये एक देखणा नट, घामाघूम. दोन तास झाले होते, दार उघडत नव्हतं. आत जो होता त्यानं दोन वर्षं एका मुलीशी फोनवरून प्रेम केलं होतं, वैमानिक म्हणून. वास्तविक त्याला गच्चीवर जायचीही भीती वाटे.

"सरका जरा," मीटरवाला म्हणाला.

"तुम्ही कोण?" एका बाईंनी विचारलं. त्या निर्मात्या होत्या.

"मीटर."

बेल. तीन पावलं मागं. "मीटर!" दार उघडलं. देखणा नट पुढे घुसला, पण आतला माणूस बोलला तो फक्त मीटरवाल्याशी. अर्धा तास. बूट काढू का, असं मीटरवाल्यानं विचारलं म्हणून म्हणे तो रडला. बाईंनी त्याच संध्याकाळी नटाला नारळ दिला आणि मीटरवाल्यासाठी कोट शिवायला टाकला.

कार्यक्रमाचं नाव होतं 'कोण आहे?'. न पाहिलेल्या माणसावर फोनच्या पडद्यावरून जीव जडलेल्यांनी अर्ज करायचा, यांनी शोध घ्यायचा, आणि शेवटी अर्जदाराला सोबत घेऊन त्या दाराची बेल वाजवायची. सोळा वर्षं चालला. दोनशे बारा भाग. दोनशे बारा दारं त्यानं उघडायला लावली, आणि त्यांतली तीन जोडपी पुढे एकत्र राहिली. बाई हा आकडा कुणाला सांगत नसत.

चित्रीकरणाच्या माणसांनी त्याचं नाव मीटरवालाच ठेवलं. रस्त्यात लोक मात्र त्याला अडवून विचारत, "साहेब, कॅमेरा कुठाय?" त्याला कुठेच विनाकॅमेऱ्याचं जाता येईना. भाजी घ्यायला गेला तर भाजीवाला केस नीट करी. एकदा खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना त्यांचं चुकून आलेलं पत्र द्यायला गेला, तर बेल ऐकून त्यांनी भोकातून पाहिलं आणि आतून ओरडले, "मी काही केलेलं नाही!" पत्र दाराखालून सरकवावं लागलं.

लग्न झालं होतं. बायकोनं प्रेमही समोरासमोर केलं आणि सोडलंही समोरासमोर. त्या बाबतीत तिला बोल लावायला जागा नव्हती. त्यानंतर नवव्या मजल्यावर तो एकटा राहायचा. त्याच्या भाषेत सांगायचं तर एका माणसाचं मीटर. तेही धड नाही; तो महिन्यातले अठरा दिवस बाहेरगावी असे.

आणि एक बहीण होती. ताई. आठ वर्षांनी मोठी. आई-वडिलांच्या मागे तिनंच त्याला वाढवलं, आणि वाढवता वाढवता स्वतःचं काही करायचं राहून गेलं, असं नातेवाईक म्हणत. ती म्हणत नसे. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचं आणि "खालची ओळ वाचा बघू" म्हणायचं. शहराच्या पलीकडच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येई.

"बरा आहेस ना, छोट्या?"

"हो. ताई, मीटिंगमध्ये आहे. करतो नंतर."

रविवारी सकाळी अकराला जगात कुणाचीही मीटिंग नसते. ताई म्हणे, "बरं बरं, कर मीटिंग." बहुतेक वेळा तेव्हा तो गॅलरीत, दाढी न करता, थंड चहा घेऊन बसलेला असे. का म्हणायचा तसं? सांगण्यासारखं काही नसलं की माणूस घाईत असतो, एवढंच.

दोनशे तेरावी फाइल एका सोमवारी आली.

शोधाचं काम एका चुणचुणीत मुलीकडे होतं; तिला सगळे भिंग म्हणत. भिंगची पद्धत अशी की दोघांमधला सगळा पत्रव्यवहार छापून काढायचा, त्यातलं तपासता येण्यासारखं प्रत्येक वाक्य पिवळ्या पेननं रंगवायचं, आणि एकेका वाक्यापुढे, स्वतः चौकशी करून, बरोबरची खूण किंवा फुली मारायची. फुल्या मोजल्या की भाग तयार.

"अर्जदार लिफ्ट दुरुस्त करतो," ती म्हणाली. "छप्पन्न वय, बायको वारली. गाडीनं सहा तासांवर राहतो. चार वर्षांपूर्वी जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या एका गटात या बाईंनी विचारलं, शिवणयंत्राची बॉबिन अडकते, काय करू? यानं तीन आठवडे लिहून लिहून ती बॉबिन सोडवली. तिथून पुढं आपलं नेहमीचं."

मग तिनं लिफ्टवाल्याची चित्रफीत लावली. कुठल्याशा इमारतीच्या माथ्यावर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून तो बोलत होता. "मला फसवलंय असं नाही वाटत. लिफ्ट अडकली की आतलं माणूस आधी सगळी बटणं दाबतं, मग ओरडतं, आणि मग गप्प होतं. ओरडतंय तोवर मी चालत जातो. गप्प झालं की पळतो. मी भेटायला येतो म्हणालो, त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून ती गप्प आहे. तिचा पत्ता मला माहीत नाही, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता."

"क्या बात है," बाई म्हणाल्या. बाईंना जे विकलं जाईल असं वाटे, त्याला त्या 'क्या बात है' म्हणत.

"आणि हा बाईंचा फोटो," भिंग म्हणाली. "सगळीकडे शोधला. इंटरनेटवर दुसरीकडे कुठेच नाही. कागदावरचा फोटो पुन्हा फोननं काढलाय."

पडद्यावर एक पस्तिशी ओलांडलेली बाई शिवणयंत्रापाशी बसली होती, दोरा ओवता ओवता वर बघून हसत. खाली डाव्या कोपऱ्यात एक तांबूस, धुरकट डाग होता.

तो डाग म्हणजे मीटरवाल्याचा अंगठा होता. पहिल्या पगारवाढीत घेतलेला कॅमेरा, अठरा वर्षांपूर्वीची संध्याकाळ. "बोट काढ पुढून, मूर्खा," असं म्हणत ती हसली होती आणि त्यानं तेवढ्यात बटण दाबलं होतं.

सोळा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडावरचा रंग उडताना पाहिलेला माणूस, स्वतःचा कसा उडू द्यायचा नाही हे शिकलेला असतो.

"आता गंमत बघा," भिंग म्हणाली. "मी कुरियरवाली होऊन तिकडे जाऊन आले. नोकरी चष्म्याच्या दुकानात, खरी. दोन खोल्या, खऱ्या. गुडघा दुखतो, तोही खरा. वयसुद्धा खरं सांगितलंय हो, पंचावन्न! फोटो जुना आहे एवढंच. आडनाव तुमचंच आहे सर, पण त्या आडनावाची माणसं काय, पोत्यानं मिळतात. सगळ्या चार वर्षांत फुली एकच." तिनं कागदांचा गठ्ठा उलगडला. "भाऊ. बहुतेक रोज संध्याकाळी साडेसातला बाई लिहितात, 'भाऊ आलाय जेवायला, ठेवते.' नऊशेचाळीस वेळा आलंय हे वाक्य. भाऊ मीटर वाचतो म्हणे. खालच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, कसला भाऊ? बाई एकट्या राहतात. वर्षातनं एकदा एक गॉगलवाला येतो, पाच मिनिटांत जातो, तो बँकेचा असावा."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे बाई खऱ्या आहेत. भाऊ बनावट आहे."

सगळे हसले. मीटरवालाही हसला, नाही हसला असता तर दिसलं असतं.

"गुरुवारी जाऊ," बाई म्हणाल्या. "पंचावन्न वय, शिवणयंत्र, जुना फोटो. आणि तुझं ते वाक्य आहेच."

त्याचं ते वाक्य पहिल्या वर्षीचं होतं आणि चहाच्या कपांवरसुद्धा छापलं गेलं होतं: दहा वर्षांहून जुना फोटो म्हणजे दुसऱ्याचाच फोटो.

दुपारी तो फाइल घेऊन उपाहारगृहाच्या कोपऱ्यात बसला. चार वर्षांचं वाचायला तीन तास लागले. त्यात प्रेम असं फारसं नव्हतंच. बॉबिन होती, गुडघा होता, लिफ्टमध्ये अडकलेला एक पोपट होता, आणि भाऊ होता. भाऊ दमून येतो. भाऊ बूट दारातच काढतो, कारण दिवसभर लोकांच्या घरात जाऊन त्याला सवय लागली आहे. भाऊ जेवताना कुठल्या घरात आज आकडा कमी झाला ते सांगतो, नावं न सांगता. आज भावाला कुत्रं चावलं. हे सगळं घडलं होतं. एकही गोष्ट रचलेली नव्हती. फक्त तारीख चुकीची होती.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला तो ताईच्या दारात उभा राहिला. बेल दाबली. पाय आपोआप तीन पावलं मागं गेले.

आत पावलं वाजली. भोकावर सावली आली आणि तिथंच थांबली. दार काही उघडलं नाही.

"छोट्या," आतून आवाज आला. "एकटाच आहेस?"

"एकटाच."

"जिन्यात कोण लपलंय?"

"कुणी नाही गं."

"कोट उघडून दाखव. आतल्या बाजूनं."

त्यानं कोट उघडून दाखवला. ध्वनियंत्र कुठे लावतात ते तिला ठाऊक होतं. दोनशे बारा भागांतला एकही तिनं चुकवला नव्हता, आणि बेल का वाजते हेही तिला कळत होतं. साखळी निघाली.

"ये. जेवलास?"

"नाही."

यावर ती क्षणभर गोंधळली. टेबलावर एक ताट होतं. दुसरं काढायला तिला स्टुलावर चढावं लागलं. ते माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. वर्तमानपत्र बरंच जुनं असावं, उघडताना तुकडे पडले. तिनं ताट दोनदा धुतलं. तो बघत राहिला. भिंग असती तर तिनं फुली मारली असती.

चार घास झाल्यावर तो म्हणाला, "लिफ्टवाल्यानं आमच्याकडे अर्ज केलाय."

ताईचा हात थांबला. "तुझ्याकडे?"

"कार्यक्रमाकडे. मी तुझा कोण ते त्याला माहीत नाही."

"मूर्ख आहे," ती म्हणाली. मग परत घास कालवत, "काय म्हणाला?"

"म्हणाला, फसवलंय असं वाटत नाही."

ती उठून मोरीपाशी गेली आणि काही कारण नसताना नळ सोडला. नळाच्या आवाजात बोलायला बरं पडतं.

"फोटो जुना का लावलास, ताई?"

"नवा कुणी काढलाय?" ती म्हणाली. "त्याच्यानंतर माझा फोटो कुणी काढलाय ते सांग. आरशासमोर उभं राहून स्वतःचा काढता येतो म्हणे. काढला एकदा. ओळखपत्रावर लावायला ठीक होता."

"आणि भाऊ?"

"भाऊ पण त्याच दिवसाचा आहे. अंगठा दिसतोय की कोपऱ्यात."

"टीव्हीवरचा सांगायचास. खरा होता तो."

"तो कधी जेवायला आला?"

यात टोमणा नव्हता. खालची ओळ वाचा बघू म्हणावं, तशी म्हणाली. त्याला खालची ओळ वाचता आली नाही.

"मग उद्या येणार का सगळे?" तिनं नळ बंद केला. "आधी सांगितलंस तर निदान पडदे धुवून ठेवते. त्या गेल्या भागातल्या बाईचे पडदे बघवत नव्हते."

"नाही येणार."

"नक्की?"

"नक्की."

"तुझं 'नक्की' माझ्या ओळखीचं आहे," ती म्हणाली, पण ताटात वाढलं. मग समोर बसली. "मीच लिहिते त्याला. रविवारी ये म्हणून. पण तू असायला हवास. भाऊ कुठाय म्हणून पहिलं विचारेल तो."

"खरं सांगून टाक ना त्याला."

"एकदम सगळं खरं सांगितलं की माणूस उरतो का रे? तुझ्या कार्यक्रमात कितीजण उरले?"

तीन, तो म्हणाला नाही.

गुरुवारी सकाळी त्यानं बाईंना सांगितलं की फाइल बंद करा, ती माझी बहीण आहे. बाई खुर्चीतून उठल्याच. त्याला वाटलं, मन द्रवलं असावं. बाईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "अरे वेड्या, मग तर दोन तासांचा विशेष भाग होईल!"

तो नाही म्हणाला. बाईंनी समजूत घातली, मग आवाज चढवला, मग गप्प झाल्या. "पुढच्या वर्षी नवा चेहरा बघावा म्हणतेय वाहिनी," त्या शेवटी म्हणाल्या. "मी आत्तापर्यंत थोपवून धरलं होतं."

"नका धरू," तो म्हणाला. सोळा वर्षांची नोकरी दोन शब्दांत गेली. वीज कंपनीनं निदान निरोपसमारंभ केला होता. लिफ्टवाल्याला कार्यक्रमाकडून छापील पत्र गेलं: आपला शोध थांबवण्यात आला आहे, क्षमस्व. भिंगनं बाहेर पडताना त्याला जिन्यात गाठलं. "सर, मला खरंच माहीत नव्हतं हो," ती म्हणाली, आणि पिवळं पेन खिशात आणखी खोल ढकललं.

रविवारी चारलाच तो ताईकडे पोचला. कोट घालू नकोस असं तिनं बजावलं होतं, म्हणून जुना स्वेटर होता. त्यानं बूट दारात काढले. ताईनं पडदे धुतले होते, आणि शिवणयंत्र खिडकीत नेऊन ठेवलं होतं, उजवीकडे. तीन कप टेबलावर पालथे होते. दोघं बसून राहिली. रोज भेटणारी माणसं काय बोलत असतील याचा दोघांनाही अंदाज नव्हता.

पाचला बेल वाजली. आयुष्यात पहिल्यांदा तो अशा बेलच्या आतल्या बाजूला होता. इतकी मोठ्यानं वाजते हे त्याला माहीतच नव्हतं. दोनशे बारा घरांत त्यानं हा आवाज केला होता.

ताई भोकाला डोळा लावून उभी राहिली. "नुसतं कपाळ दिसतंय," ती कुजबुजली.

"फार जवळ उभा असेल."

"असू दे," ती म्हणाली आणि दार उघडलं.

दारात एक बसका, टकला माणूस, हातात हत्यारांची पिशवी. सुट्टीच्या दिवशीही ती आणली होती; रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून असेल. त्यानं ताईकडे पाहिलं. फोटोतली अठरा वर्षं त्याच्या तोंडावरून सावकाश उतरली. ताई दाराची कड घट्ट धरून उभी होती.

"फोटोत यंत्र डावीकडे होतं," तो म्हणाला.

"उजेडासाठी हलवलं."

"बरं केलंत."

एवढंच. दोनशे बारा भागांत इतक्या स्वस्तात कुणी सुटलं नव्हतं. ताईचा हात दारावरून खाली आला. मग लिफ्टवाल्याला तिच्या मागे उभा असलेला मीटरवाला दिसला.

त्याचा चेहरा विझला. हात आपोआप कॉलरकडे गेला, सगळ्यांचा जातो तसा. "अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे शोध थांबवला असं नुसतं कळवायचं, आणि मग हे. वाटलंच मला. कुठाय?"

"काय?" ताई म्हणाली.

"कॅमेरा."

"कॅमेरा नाही."

पण तो आत शिरला होता. लिफ्टच्या खड्ड्यात उतरावं तसा पद्धतशीर. आधी पडद्यामागे, मग घड्याळाच्या मागे, मग कपाटावर, मग तीन पालथे कप एकेक करून उचलून. मीटरवाल्याला बोलायचं होतं, पण बोलला असता ते त्याच्या टीव्हीवरच्या आवाजात आलं असतं. त्याच्याजवळ दुसरा नव्हता.

"नाही सापडला?" ताईनं शेवटी विचारलं.

"मग हे कशाला आलेत?"

"माझा भाऊ आहे तो."

"तुमचा भाऊ मीटर वाचतो. रोज जेवायला येतो."

कार्यक्रमात अशा ठिकाणी मीटरवाला सात सेकंद गप्प राहत असे. सात सेकंद कुणी गप्प राहिलं की समोरचा खरं बोलून जातो. हे त्याचं कसब होतं, त्याच्यावर कोट शिवले गेले होते. या वेळी त्यानं एकही सेकंद जाऊ दिला नाही.

"येतो," तो म्हणाला. "रोज."

लिफ्टवाल्यानं त्याला नीट न्याहाळलं. दोर पक्का आहे का ते बघायला तो हिसका देऊनच बघणार. "काल काय होतं जेवायला?"

काल तो नवव्या मजल्यावर होता आणि जेवला की नाही तेही त्याला आठवेना. तो ताईकडे बघू लागला. ताई यंत्राकडे बघत होती.

"येत नाही तो," ती म्हणाली. "पूर्वी यायचा. अठरा वर्षांपूर्वी. फोटो तेव्हाचा, भाऊही तेव्हाचा. बाकी सगळं आत्ताचं आहे."

लिफ्टवाला खुर्चीत बसला. पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ त्यानं हिशोब लावल्यासारखं केलं.

"मग रोज साडेसातला 'भाऊ आलाय, ठेवते' म्हणायचीस," तो म्हणाला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यालाही कळलं नाही, "ते काय होतं?"

"ताट वाढायला जायचे."

"कुणाचं?"

"माझंच."

"चार वर्षं?"

"मग काय झालं? जेवायला लागतंच की."

"अगं, मी पण तेव्हा एकटाच जेवत होतो," लिफ्टवाला म्हणाला. तो चिडला होता. "मी घाईनं फोन ठेवायचो, की हिच्याकडे माणसं आलीत, आपण मध्ये कशाला. निदान सांगायचंस तरी. बोलत बोलत जेवलो असतो!"

"तू कुठे विचारलंस?"

"आता हे मी विचारायचं?"

आवाज चढले. चार वर्षांत भांडायचं राहून गेलं होतं, ते आता सुरू झालं. मीटरवाल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं दारात बूट घातले, दार हळूच ओढून घेतलं. तीन पावलं मागं सरला. मग जिना उतरला.

खाली जिन्याखाली मीटरची पेटी होती. वॉचमननं त्याला पाहिलं आणि उठून उभा राहिला. "बँकेचं काम झालं का, साहेब?"

"झालं," तो म्हणाला. जुनी सवय, त्यानं फोनचा उजेड पेटीवर धरला. ताईचं मीटर तिसऱ्या रांगेत होतं. आकडा वाचला. मागचा आकडा त्याला माहीत नव्हता, पण माहीत असण्याची गरज नव्हती. नवव्या मजल्यावर त्याचं स्वतःचं असंच होतं. लाल ठिपका सावकाश लुकलुकत होता, कुणीतरी एकट्यानं डोळे मिटावे-उघडावे तसा.

मग तो अचानक भराभर लुकलुकू लागला. वर विजेची किटली लावली असणार. किती कपांची, ते मीटर सांगत नाही.

फोन वाजला.

"कुठे गेलास रे?" ताई. मागे लिफ्टवाल्याचा आवाज अजून चालूच होता. "चहा टाकलाय."

त्याच्या तोंडात 'मीटिंगमध्ये' इथपर्यंत आलं होतं. त्यानं ते गिळलं. "खाली आहे. मीटर बघतोय."

"मग? काय म्हणतंय?"

"एका खेपेत कळत नाही. परत यावं लागतं."

ताईनं विचारलं, "येतोस ना वर?"

"येतो," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि तिसऱ्या कपावर बशी झाकून ठेवल्याचा आवाज त्याला फोनमधून स्वच्छ ऐकू आला.